फाटकमामांची शेवटची नोंद

माझ्या मामांनी एकतीस वर्षं एका गावाचे दोन तुकडे केले आणि त्याचा पगार घेतला. हे वाक्य माझ्या वडिलांचं आहे. मेहुण्यामेहुण्यांचं नातं लक्षात घेता ते फारच सौम्य म्हणायला हवं.

मामा रेल्वेच्या फाटकावर होते. सगळं गाव त्यांना फाटकमामा म्हणायचं, त्यांचे साहेबसुद्धा. मुख्य मार्गावरचं फाटक, दिवसाला शंभरावर गाड्या. एक गेली की दुसरीचा फोन यायचा, मामा चाक फिरवायचे आणि दांडा खाली यायचा. शाळा, बाजार आणि मी नोकरी करते ते टपाल कार्यालय रुळांच्या अलीकडे, दवाखाना आणि निम्मी घरं पलीकडे. फाटक उघडं दिसलं तर परगावचा माणूस सरळ निघून जायचा. आमच्या गावचा माणूस थांबून मामांकडे बघायचा, काही बिघडलंय का म्हणून.

बंद दांड्याखालून वाकून जाणं हा मामांच्या दृष्टीने खुनाच्या खालोखालचा गुन्हा होता. त्यासाठी त्यांनी एक वही ठेवली होती. सरकारी नव्हे, स्वतःची, लाल पुठ्ठ्याची. तारीख, वेळ, वाकणाऱ्याचं नाव, कारण, आणि शेवटच्या रकान्यात ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’. त्या वहीचं पुढे काहीच व्हायचं नाही. ना दंड, ना तक्रार. पण मामा चष्मा नाकावर सरकवून लिहायला बसले की भलाभला माणूस शरमून परत फिरायचा. मुख्याध्यापकांचं नाव वहीत नऊ वेळा आहे. ‘कारण: शाळेला उशीर. अमान्य. शेरा: हेच कारण विद्यार्थ्यांना चालत नाही.’ माझं तीन वेळा आहे, कारण तिन्ही वेळा ‘आगाऊपणा’. आणि मी जन्मले त्या दिवशी माझे वडील दवाखान्याकडे धावताना वाकले, त्याचीही नोंद आहे. ‘कारण: बाप होणे. अमान्य.’

एकतीस वर्षांत त्या रकान्यात ‘मान्य’ हा शब्द एकदाही आला नव्हता. मी वही पहिल्या पानापासून चाळून पाहिलेली आहे, म्हणून छातीठोकपणे सांगते.

इतरांना धारेवर धरणारा माणूस स्वतः स्वच्छ असावा लागतो, आणि मामा स्वच्छ होते. सेवेत एकही ठपका नाही. असा माणूस निवृत्त झाला की त्याला निष्कलंक सेवेचा दाखला मिळतो, सही-शिक्क्याचा, जाड कागदावर. शेजारच्या फाटकावरच्या एकाला तो मिळाला तेव्हा मामा तिथून घरी येतानाच तेवढ्याच मापाची काचेची चौकट घेऊन आले. अकरा वर्षं ती रिकामी चौकट त्यांच्या बैठकीच्या खोलीत टांगलेली होती. मामी रोज तिची काच पुसायच्या. पाहुणे विचारायचे, “हे काय?” मामी म्हणायच्या, “यांचा आत्मा आहे. अजून यायचाय.”

मामींना नवऱ्याबद्दल एकच तक्रार होती. हा माणूस प्रेमाने कधी बोलत नाही. लग्नात त्यांनी मामींना पहिलं वाक्य ऐकवलं ते “बाजूला व्हा, लोकांना जायला वाट हवी,” असं. पुढेही प्रगती नव्हती. मामी माहेराहून आल्या तर मामा घड्याळ बघून म्हणायचे, “वीस मिनिटं उशीर.” यापलीकडे काही फुटेल तर शपथ.

मामांना निवृत्तीला सहा महिने उरले असताना बातमी आली की फाटक कायमचं बंद होणार आणि रुळांखालून भुयारी रस्ता निघणार. गावाला आनंद झाला. माझ्या वडिलांना तर इतका झाला की आईने त्यांना दोन दिवस फाटकाकडे जाऊ दिलं नाही. मामांना मात्र वेगळंच दुःख होतं.

“एकतीस वर्षं मी ओरडतोय की खालून जाऊ नका,” ते मला म्हणाले, “आणि आता सरकारच सगळ्यांना खालून न्यायला निघालंय. मग माझं काय चुकत होतं?”

काम सुरू झालं आणि मामांचं दुःख कुतूहलात बुडालं. रुळांशेजारी मोठा खड्डा खणला गेला. त्यात चार खोल्यांएवढी काँक्रीटची पेटी ओतायची, दोन्ही बाजूंनी उघडी. ती वाळली की मागे जॅक लावून रोज हात-दोन हात अशी रुळांखाली ढकलायची. वरून गाड्या चालूच, फक्त सावकाश. मामा ड्यूटी संपली की खड्ड्याच्या काठावर उभे राहून त्या पेटीकडे सासऱ्याने जावयाकडे बघावं तसं बघत. कामावर एक तरुण इंजिनियरबाई होती. मोटारसायकलवरून यायची, डोक्यावर पिवळं हेल्मेट, कानामागे पेन्सिल. ती मामांना मामाच म्हणायची, आणि फाटक बंद असलं की मुकाट्याने थांबायची. वहीत तिचं नाव नव्हतं. मामांच्या लेखी याहून मोठी पदवी नाही.

एक दिवस ती मामांच्या घरी चहाला आली. घर म्हणजे फाटकाला लागूनच असलेली दोन सरकारी खोल्यांची वास्तू. दारासमोर एक चौकोनी दगड होता, मामींचा कपडे धुण्याचा. त्याच्या एका कोपऱ्यावर बाण आणि आडवी रेघ कोरलेली होती. मामा दरवर्षी ती खूण पांढऱ्या रंगाने रंगवायचे. रुजू झाले तेव्हाच त्यांच्या साहेबांनी बजावलं होतं, ‘ही सरकारी खूण आहे, हिला हात लावायचा नाही.’ कशाची खूण, ते साहेबांनी सांगितलं नाही आणि मामांनी विचारलं नाही.

“मामा, तुमचे उपकार आहेत,” इंजिनियरबाई दगडाकडे बघत म्हणाली. “अशा खुणा गावात चार होत्या. एक गटारात गेली, एक कुणाच्या तरी भिंतीत, एक सापडतच नाही. तुमची मात्र कशी लख्ख! म्हणून आम्ही ओढ्याची सगळी मापं हिच्यावरूनच घेतली.”

“कसली मापं?” मामा म्हणाले.

मग तिने समजावून सांगितलं. या दगडाची उंची सरकारी कागदात लिहिलेली असते. दुर्बिणीतून बघायचं, ओढा या दगडापेक्षा किती खाली आहे, आणि वजाबाकी करायची. रुळांची मापं स्टेशनवरच्या खुणेवरून घेतलेली, ओढ्याची या दगडावरून. भुयारी रस्त्याचा तळ ओढ्यापेक्षा जेमतेम वीतभर वर येतो. तेवढा उतार मिळाला की पाणी आपोआप ओढ्यात जाईल. सोमवारपासून त्याच हिशेबाने पाइप टाकायचे होते.

“आणि समजा,” मामा कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, “समजाच हं, हा दगड कुणी वर उचलला असेल तर?”

“मग ओढा आहे त्याहून खाली वाटेल. आम्ही खुशाल त्याच्याकडे पाणी सोडायला जाऊ, आणि उलट ओढाच आमच्याकडे येईल. भुयारात कायमचं तळं.” ती हसली. “पण सरकारी खूण कोण कशाला उचलेल?”

मामा हसले नाहीत. ती जाताना म्हणाली, “तुम्ही खूण इतकी जपलीत, मी वर तसं कळवणार आहे. कौतुकाचं पत्र येईल बघा.”

हे सगळं मला नंतर कळलं, आणि कळलं तेही मामांच्याच अतिहुशारीमुळे. दुसऱ्या दिवशी टपाल वेगळं करताना माझ्या हाती एक उघडं पोस्टकार्ड लागलं. डाव्या हाताने लिहिलेलं वेडंवाकडं अक्षर. इंजिनियरबाईच्या नावाने होतं. ‘विषय: दगडाबाबत. महोदया, फाटकासमोरील दगड विश्वासास पात्र नसल्याचे खात्रीलायक समजते. तरी उचित कार्यवाही व्हावी. आपला विश्वासू, एक नागरिक.’ आणि खाली, एकतीस वर्षांच्या सवयीने, ‘वेळ ९ वाजून ४२ मिनिटे.’

संध्याकाळी मी फाटकावर गेले.

“मामा, निनावी पत्रावर मिनिटं कोण घालतं?”

मामांनी आधी काही कळलंच नाही असं दाखवलं. मग म्हणाले, “माझा एक मित्र आहे. त्याच्या हातून एक चूक झालीय.”

“मामा, तुम्हाला मित्र नाहीत.”

हे त्यांना पटलं. मग सगळं बाहेर आलं. चौदा वर्षांपूर्वी मामी बहिणीकडे गेल्या असताना मामांनी पहार घालून तो दगड उचलला होता, खाली विटांचे थर दिले होते आणि पुन्हा होता तसा बसवला होता. वीतभर वर. खूण त्याच दिशेला, त्याच कोपऱ्यात, वर नवा रंग.

“खूण पुसली नाही ना? हलवली नाही ना? मला वाटलं, झालं,” मामा म्हणाले. “उंचीचं काम आहे हे मला कोण सांगणार होतं?”

“पण उचलला कशाला?”

“पाणी साचत होतं.”

हे कारण मी लहानपणापासून ऐकत आले होते. मामीही तेच सांगायच्या, जरा तिखटमीठ लावून. “सरकारच्या भिंतीला ओल लागू नये म्हणून उचलला. तेव्हापासून माझी कंबर दुखायची थांबली, पण तो योगायोग हं. यांना काळजी भिंतीची.”

“मग सरळ जाऊन सांगा,” मी म्हणाले.

मामांनी खिडकीतून घराच्या बैठकीच्या खोलीत पाहिलं. तिथून ती रिकामी चौकट दिसत होती. “सांगितलं की ठपका,” ते म्हणाले. “ठपका आला की दाखला गेला. आणि नाही सांगितलं तर कुणालाच कळणार नाही. पाणी साचलं तर लोक इंजिनियरबाईला शिव्या देतील.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “पोरगी चांगली आहे गं. कधी वाकली नाही.”

पुढचे चार दिवस मामांनी जे केलं त्याला दुसरा कुणी हात दाखवून अवलक्षण म्हणाला असता. इंजिनियरबाई दिसली की ते दगडाची निंदा करायचे. “दगड तसा स्वभावाने बरा नाही.” “जुन्या दगडांवर भरवसा ठेवू नये, मॅडम.” “स्टेशनवरचा दगड घ्या, खानदानी आहे.” तिला वाटलं, मामांना विनय आवरत नाहीये. पोस्टकार्डही मिळालं होतं. ते तिने मामांनाच दाखवलं. “गावात कुणीतरी काम बिघडवायला टपलंय बघा. अक्षरावरून म्हातारा वाटतो, आणि जरा अडाणी.”

मामांनी कार्ड उलटसुलट करून परत दिलं. अडाणी हा शब्द मात्र त्यांना फार लागला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. लपायचं तर होतंच, वर चांगल्या अक्षराबद्दल शाबासकीही हवी होती.

शनिवार उजाडला. पाइपांचे ट्रक येऊन उभे राहिले. मामांची सकाळपासून ड्यूटी, फाटक सोडून जाता येईना. साडेनऊला दांडा खाली आला. दोन मालगाड्या एकामागोमाग एक, आणि कामामुळे त्या गोगलगाईच्या चालीने येत होत्या. दोन्ही बाजूंना गाव साचलं. मुख्याध्यापक सायकलवर होते, माझे वडील पिशवी घेऊन, मी टपाल कार्यालयाच्या वाटेवर. मोटारसायकलवर इंजिनियरबाईही होती. आता वीस मिनिटं कुणी कुठे जाणार नव्हतं. मामांना आयुष्यात इतका हक्काचा श्रोता पुन्हा मिळाला नसता.

ते हातात हिरवा झेंडा घेऊन तिच्याजवळ गेले. एरवी ते हळू बोलले असते, पण मालगाडी चालली होती, त्यामुळे त्यांना ओरडावं लागलं.

“मॅडम! तो दगड मी उचललाय!”

नेमके त्याच क्षणी पहिल्या गाडीचे डबे संपले. शेवटचा शब्द स्वच्छ शांततेत सगळ्या गावाने ऐकला.

“काय?” ती म्हणाली.

“चौदा वर्षांपूर्वी. वीतभर. सोमवारी पाइप टाकू नका.”

ती मोटारसायकलवरून उतरली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. गावाला आधी नीट कळेना, मग एकाने दुसऱ्याला सांगितलं, आणि मग कळलं ते सगळ्यांना एकदमच कळलं. फाटकमामांनी नियम मोडला होता! फाटकमामांनी! मुख्याध्यापकांनी सायकल स्टँडवर लावली. नऊ नोंदींचा माणूस तो, आयुष्यभर या क्षणाची वाट बघत होता.

“मामा,” ते वर्गात विचारतात तसं म्हणाले, “वही कुठाय?”

“नोंद करा!” माझे वडील ओरडले. मग दोन्ही बाजूंनी गाव ओरडायला लागलं. “नोंद करा! नोंद करा!”

मामी पदराला हात पुसत पुढे आल्या. त्या त्याच दगडावर कपडे धूत होत्या. “काय झालं एवढं?” त्या म्हणाल्या. “पाणी साचायचं म्हणून उचलला त्यांनी दगड. भिंतीला ओल यायची. चोरी केलीय का कुणाची?”

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि वही आणली. चष्मा नाकावर सरकवला. तारीख लिहिली, मिनिटांसकट वेळ लिहिली, स्वतःचं नाव लिहिलं. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. दुसरी गाडी दिसायला लागली तरी ते थांबलेलंच होतं. मग त्यांनी भरभर काहीतरी लिहिलं आणि वही इंजिनियरबाईच्या हातात दिली. “लेखी लागेल ना तुम्हाला? घ्या.”

तिने वाचलं. मी तिच्या खांद्यावरून वाचलं, कारण आगाऊपणा माझ्या नावावर आहेच. ‘कारण: मंडळींना वाकून धुणे धुताना कंबरेस त्रास होई. अमान्य.’

इंजिनियरबाईने ओठ चावला. रागाने चावला की हसू आवरायला, ते मला सांगता येणार नाही. “काय लिहिलंय?” मुख्याध्यापकांनी विचारलं. तिने वही मिटली. “तांत्रिक कारण आहे,” ती म्हणाली.

मी मामींकडे पाहिलं. त्या अजून भिंतीच्या ओलीवरच गावाशी भांडत होत्या.

पुढचं सगळं मग भराभर झालं. दुर्बीण पुन्हा लागली, स्टेशनच्या खुणेवरून ओढ्यापर्यंत नवी मापं घेतली गेली, आणि दगड वीतभर आणि वर दोन बोटं उचललेला निघाला. पाणी सोडायची जागा ओढ्याच्या खालच्या अंगाला, दीडशे पावलं पुढे नेली. पाइप जास्त लागले, काम आठ दिवस लांबलं. गावात महिनाभर एकच विषय होता. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात, माझे वडील सांगत फिरले, पण तो आधी वीतभर उचलून, रंगवून, मग पाडून घेणारा आमचाच मेहुणा.

पेटी रुळांखाली गेली, रस्ता झाला. खुला करायच्या आदल्या दिवशी इंजिनियरबाईने पाण्याचे दोन टँकर भुयारात रिकामे करायला लावले. गाव वर कठड्याशी गोळा झालं. पाणी तळाशी पसरलं आणि जागेवरच थांबलं. मामा कठडा घट्ट धरून उभे होते. मग एका कोपऱ्यातून ते हललं, जाळीकडे वळलं, आणि सुळकन ओढ्याकडे निघालं. मामांच्या काखेत सवयीने झेंडे होतेच. त्यांनी हिरवा काढला आणि पाणी पूर्ण जाईपर्यंत त्याला दाखवत राहिले.

फाटक बंद झालं त्याच आठवड्यात मामा निवृत्त झाले. दाखला आला नाही. त्याऐवजी ठपक्याचं पत्र आलं, साधं, पातळ कागदावरचं. ते मीच टपालातून घेऊन गेले. मामा म्हणाले, “ठेव तिकडे.” मामी म्हणाल्या, “ठेव काय, वाच. एकदा कळू दे, भिंत वाचवल्याबद्दल सरकार काय म्हणतं ते.”

मी वाचायला लागले. इंजिनियरबाईने वहीतून उतरवून घेतलेली मामांचीच नोंद पत्रात सरकारी भाषेत आली होती. ‘...यांनी पत्नीस धुणे धुताना कंबरेस त्रास होतो या कारणास्तव सरकारी खूण अनधिकृतपणे उचलली. सदर कारण ग्राह्य धरता येत नाही. सबब त्यांना ठपका देण्यात येत आहे.’

मामा उठून खिडकीपाशी गेले आणि नसलेल्या गाडीची वाट बघू लागले.

“पुन्हा वाच,” मामी म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.

“कंबरेचं तेवढंच वाच.”

मी तेवढंच वाचलं. मामींनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच खाली घेतला. “चौदा वर्षं,” त्या म्हणाल्या. “चौदा वर्षं मी भिंतीवर जळले. अहो, एकदा तोंडाने सांगितलं असतं तर काय गाडी चुकणार होती?”

“पाणीही साचत होतं,” मामा खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले.

“ती वही आणा.”

मामांनी वही आणली. मामींनी माझ्या खिशातलं पेन घेतलं, शेवटचं पान उघडलं, ‘अमान्य’वर आडवी रेघ मारली आणि सावकाश, मोठ्या अक्षरात ‘मान्य’ लिहिलं.

मामांनी वाकून पाहिलं. “अशी खाडाखोड चालत नाही,” ते म्हणाले. “शेजारी सही लागते.”

मामींनी सही केली. ती वही तिथेच संपली. ठपक्याचं पत्र आता त्या काचेच्या चौकटीत आहे आणि मामी रोज काच पुसतात. पाहुणा आला की आधी ते पत्र त्याला मोठ्याने वाचायला लावतात, चहा नंतर.